मैफलीची समीक्षा: काय ऐकावं, कसं लिहावं, कशी पाठवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगीत विशारद झालं आहे, नागपुरातल्या मैफलींना नियमित जाणं असतं. एका दैनिकाची शहर पुरवणी आणि एका संगीतसंस्थेचं त्रैमासिक अशा दोघांनी ‘मानधन देता येणार नाही, पण समीक्षा लिहाल का’ असं विचारलं आहे. तर तयारी काय करायची, लिहायचं कसं आणि पाठवायचं कसं?

जरूर लिहा. विशारदपर्यंतचं राग-तालाचं ज्ञान सुरुवातीला पुरतं. कमी पडतं ते बहुधा दुसरंच काही. समीक्षेतलं प्रत्येक मत मैफलीतल्या एखाद्या ठरावीक क्षणाला बांधलेलं असावं लागतं. ‘आलापी सुरेख झाली’ असं लिहिलंत तर ती कोणत्या स्वरावर, केव्हा आणि कशामुळे सुरेख वाटली, हे तुमच्या वहीत असलं पाहिजे. छापताना त्यातलं निम्मं गळेल, पण वहीत नसेल तर ते मत छापूच नये. पुढचं सगळं या एका अटीसाठी आहे.

सर्वांत आधी संपादकाला विचारा की त्यांना वृत्तांत हवा आहे की समीक्षा. वृत्तांतात कोण गायलं, काय गायलं, कोण उपस्थित होतं हे येतं. समीक्षेत ते कसं गायलं आणि तसं का म्हणायचं, हे येतं. शहरातली अनेक पानं समीक्षा मागतात आणि वृत्तांत छापतात. दीपप्रज्वलन, सत्कार, आभार यांना समीक्षेत एक वाक्य पुरतं. तेही गाण्यावर परिणाम झाला असेल तरच. तसा परिणाम होतो बरं का. डिसेंबरात नागपूरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, जून-जुलैत सातच्या आसपास. हिवाळ्यात साडेसहाला सुरू होणाऱ्या कार्यक्रमात संधिप्रकाशाची वेळ आधीच टळलेली असते. त्यात भाषणं लांबली तर मारवा किंवा श्री मनात धरून आलेला कलाकार आयत्या वेळी यमन, बिहाग असा पुढच्या वेळेचा राग घेतो. कार्यक्रमपत्रिकेत एक आणि मंचावर दुसरं असं झालं तर कारण अनेकदा इथे सापडतं. सकाळचे राग ऐकायला मिळणं एरवी दुर्मीळच. दिवाळी पहाट आणि काही प्रातःकालीन सभा सोडल्या तर तोडी, ललत, भैरव शहरात क्वचित कानी पडतात. अशा सभेची समीक्षा लिहायला मिळाली तर सोडू नका.

तयारीला अर्धा तास पुरतो. कलाकाराची तालीम कोणाकडे झाली, साथीला कोण आहे, नावं नेमकी कशी लिहितात, एवढं आधी काढून ठेवा. नावांसाठी निमंत्रणपत्रिकेवर विसंबू नका, त्यातही चुका असतात. मध्यंतरात साथीदारांना भेटून त्यांच्याच हातानं वहीत नाव लिहून घेणं सर्वांत खात्रीचं. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावंही घ्या. ती छापली जात नाहीत, याचं त्यांना वाईट वाटतं आणि ते योग्यच आहे. पंडित, उस्ताद, विदुषी या उपाध्या तुम्ही बहाल करायच्या नाहीत. रूढ असतील तर पहिल्या उल्लेखात एकदा लिहा, पुढे आडनाव पुरे.

घराण्याचा शिक्का मारायची घाई करू नका. ज्यांच्या नावानं सिव्हिल लाइन्समधलं सभागृह आहे आणि ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ इथे संगीत समारोह होतो, त्या वसंतराव देशपांडे यांचंच उदाहरण घ्या. सुरुवातीची तालीम नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे, पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांच्याकडून घेतलेली विद्या. असं गाणं एका घराण्याच्या चौकटीत बसत नाही. गुरूचं नाव लिहा. घराण्याचं वैशिष्ट्य प्रत्यक्ष ऐकू आलं असेल तरच त्याचा उल्लेख करा.

आता वहीबद्दल. खिशात मावेल अशी वही आणि बॉलपेन आणा. मोबाइलवर टिपू नका, अंधारात पडद्याचा उजेड मागच्या तीन रांगांना त्रास देतो. प्रत्येक रागाला नवं पान. पानाच्या डाव्या कडेला घड्याळाची वेळ, उजवीकडे जे ऐकलं ते. आलाप कधी सुरू झाला, विलंबित कधी, पहिली तान कधी, द्रुत कधी, संपलं कधी, या पाच वेळा टिपल्या की रागाचा सगळा आराखडा हाती येतो. पन्नास मिनिटांच्या ख्यालात पस्तीस मिनिटं आलापी आणि बढतीला (रागाच्या टप्प्याटप्प्यानं होणाऱ्या विस्ताराला) गेली असतील तर तो एक स्वभाव. पंधराव्या मिनिटालाच ताना सुरू झाल्या असतील तर तो दुसरा. वाचकाला मिनिटं सांगायची नसतात, पण तुमचं विधान त्यावर उभं राहतं. स्वर टिपताना भातखंडे पद्धतीच्या खुणा वापरा: कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब. समीक्षेत मात्र या खुणा चालत नाहीत. पान लावताना त्या हमखास गळतात आणि कोमल गंधाराचा शुद्ध होऊन छापला जातो. लेखात ‘कोमल गंधार’, ‘मंद्र निषाद’ असं अक्षरी लिहा.

ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आयोजक आणि कलाकार, दोघांची परवानगी घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरीकरणावर कलाकाराचा हक्क असतो. खासगी वापरासाठी केलेल्या मुद्रणाला कायद्यात सवलत आहे, पण त्यातला तुकडा समूहावर टाकला की ती सवलत संपली. शिवाय ‘नंतर ऐकू’ म्हटलं की आत्ताचं ऐकणं सैल होतं. वहीवरच भिस्त ठेवा.

राग ओळखण्यातली चूक ही समीक्षेतली सर्वांत महाग चूक. एकदा छापली की पुढची दहा बरोबर विधानंही वाचक शंकेनं वाचतो. ती टाळायची तर सुरुवात तानपुऱ्यापासून करा. पहिली तार पंचमाची आहे, मध्यमाची की निषादाची? मालकंसाला मध्यमाची मिळते, मारवा-पूरियाला बहुधा निषादाची. कलाकारानं तोंड उघडायच्या आधीच निम्म्या शक्यता अशा वगळता येतात. मग स्वर, पण केवळ स्वरांवर थांबू नका. मारवा, पूरिया आणि सोहनी यांत स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. फरक मुक्कामाचा आहे. मारव्यात रिषभ आणि धैवत बोलतात. पूरियात गंधार-निषाद, आणि त्याचा जीव मंद्रात. सोहनी तार षड्जाभोवती फिरते. मारव्यात षड्ज इतका झाकलेला असतो की नवख्या कानाला धैवतच षड्ज वाटू लागतो आणि भलताच राग ऐकू येतो. असं वाटलं की लगेच तानपुऱ्याकडे कान न्या. भूप आणि देशकारचंही तसंच. स्वर पाचच आणि तेच, पण भूपात गंधार वादी (मुख्य स्वर), चाल कल्याणाची आणि पूर्वांगाची. देशकारात धैवत प्रबळ आणि उत्तरांग भारी. शुद्ध कल्याणात आरोह भूपासारखाच असतो, पण उतरताना मींडेत निषाद आणि तीव्र मध्यमाचा स्पर्श येतो. मागच्या रांगेत बसलात तर तो निसटतो.

अप्रचलित राग आणि जोडराग अंदाजानं लिहू नका. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकांकडून बिहागडा, खट, संपूर्ण मालकंस असं काही येऊ शकतं. संपूर्ण मालकंसात रिषभ-पंचम असतातच. ‘मालकंसात वर्ज्य स्वर लागले’ असं कोणी छापलं तर उघडं कोण पडतं, हे सांगायला नको. विंगेत जाऊन तानपुऱ्यावरच्या शिष्याला विचारा: राग कोणता, बंदिश कोणत्या तालात, रचना कोणाची? तीन प्रश्न, अर्धं मिनिट. विचारण्यात कमीपणा काहीच नाही. बंदिशीचे शब्द द्यायचे तर मुखडा पुरे. तोही खात्री करूनच, कारण ब्रज भाषेतले शब्द मराठी कानाला वेगळे ऐकू येतात आणि चुकीच्या शब्दांनी बंदिशीचा अर्थच उलटतो.

लयीबद्दल बहुतेक समीक्षा ‘विलंबित’ आणि ‘द्रुत’ यांपलीकडे जात नाहीत. हातात घड्याळ आहे तर मोजा. एका समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंत किती सेकंद लागले ते पाहा. मात्रांना साठनं गुणा आणि त्या सेकंदांनी भागा, मिनिटाला किती मात्रा ते कळतं. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे बारा मात्रांचं आवर्तन ४८ ते ६० सेकंदांचं. ४८ सेकंद धरले तर मिनिटाला १५ मात्रा. तीनतालाचं आवर्तन ८ सेकंदांत होत असेल तर १२०, ४ सेकंदांत असेल तर २४०. हे आकडे छापायचे नाहीत. पण विलंबिताच्या सुरुवातीला ५५ सेकंदांचं आवर्तन शेवटी ४० वर आलं असेल तर लय कोणी वाढवली, गायकानं की तबल्यानं, आणि ती ठरवून वाढली की घसरली, हा खरा समीक्षेचा मुद्दा तुमच्या हाती लागतो. झूमरा आणि आडा चौताल दोन्ही चौदा मात्रांचे, तिलवाडा आणि तीनताल सोळांचे; मात्रा मोजून ताल ठरत नाही, ठेक्याचे बोल ऐकावे लागतात.

इथे दोन गैरसमज वारंवार छापून येतात. रूपक तालाची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर असते. टाळी न पडता सम आल्यासारखी वाटते म्हणून ‘तबलजींचा गोंधळ झाला’ असं लिहिणारे आहेत. दुसरा गैरसमज अतीत-अनागताचा. आग्रा घराण्याच्या अंगानं लयकारी करणारा गायक सम मुद्दाम समेच्या आधी किंवा नंतर दाखवतो. ती चूक आहे की करामत, हे पुढच्या आवर्तनात कळतं. करामत असेल तर तो लगेच घट्ट समेवर येतो आणि तबला हलत नाही. चूक असेल तर तबलावादक ठेका सावरून घेतो, मंचावर नजरानजर होते.

वाद्यवादनाचं थोडक्यात सांगतो. सतार-सरोदला आलाप, जोड, झाला आणि मग गत हा क्रम टिपा. मसीतखानी गतीचा मुखडा बाराव्या मात्रेपासून उठतो, म्हणून मोजणी तिथून नको, समेपासून करा. एकल तबल्यात पेशकार, कायदा, रेला, गत, चक्रधार यांतलं काय वाजलं आणि लेहरा (आवर्तन धरून ठेवणारी साथीची धून) स्थिर राहिला का, एवढं तरी असावं. ‘तबल्यावर बोटं विजेसारखी फिरली’ यातून वाचकाला काहीच कळत नाही.

सुराबद्दल मत देताना फार सावध राहा. गाणाऱ्याला बेसूर म्हणणं हे समीक्षेतलं सर्वांत जड विधान आहे. आधी तीन गोष्टी तपासा. पहिली, श्रुती. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार संवादिनीच्या (हार्मोनियमच्या) कोमल गंधारापेक्षा खाली असतो. संवादिनीची पट्टी हलत नाही, गळा हलतो. दोघांत अंतर ऐकू आलं तर ‘गंधार उतरला’ लिहू नका, उलट जाणकार संवादिनीवादक तिथे बोट उचलून गळ्याला मोकळं सोडतो, ते टिपा. दुसरी, वाद्यांवरचा हवेचा परिणाम. जुलैतल्या दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं चामडं) सैलावते आणि सूर उतरतो. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत ती ताणते आणि सूर चढतो. वातानुकूलन मध्येच सुरू किंवा बंद झालं की तानपुऱ्याच्या ताराही सरकतात. पहिल्या वीस मिनिटांत हातोडी दोन-तीनदा फिरली तर तो दोष कोणाचाच नाही. तिसरी, ध्वनिव्यवस्था. मंचावरचे मॉनिटर नीट नसतील तर गायकाला स्वतःचा तानपुरा ऐकूच येत नाही. तो हातानं खुणा करत असेल, कानाला हात लावत असेल तर लक्ष द्या. या तिन्ही वगळूनही तोच स्वर त्याच जागी पुन्हा पुन्हा कमी लागत असेल, तर जरूर लिहा, स्वर आणि सप्तक सांगून. एकदाच आवाज फाटला असेल तर सोडून द्या.

कुठे बसता, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पहिल्या दोन रांगांत मंचावरचं थेट ऐकू येतं, पण ध्वनिक्षेपकांचा समतोल कळत नाही. बाल्कनीच्या छपराखाली आवाज दबतो. पाचवी ते आठवी रांग, मधल्या वाटेलगत, ही साधारण चांगली जागा. लक्ष्मीनगरातल्या सायंटिफिकसारख्या आटोपशीर सभागृहात हा फरक थोडा. रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या वास्तूत तो फार. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुम्ही पंचवीस मीटर मागे असाल तर हात दिसल्यानंतर बोल सुमारे ७० मिलिसेकंदांनी ऐकू येतो. द्रुत तीनतालात मात्राच २५० मिलिसेकंदांची असते, म्हणजे पाव मात्रेहून जास्त फरक. मागून पाहून ‘गायक आणि तबला जुळत नव्हते’ असं कधीही लिहू नका. तिथे डोळे मिटून ऐकणंच खरं.

लेखनाकडे येऊ. दैनिकाला बहुधा ३५० ते ४५० शब्द चालतात, त्रैमासिकाला हजारपर्यंत. चारशे शब्दांत पन्नास प्रारंभाला, पावणेदोनशे-दोनशे मुख्य रागाला, ऐंशी दुसऱ्या रागाला, उरलेले ठुमरी, नाट्यपद किंवा भैरवीला आणि साथीला, असा अंदाज ठेवा. सगळ्या रागांना सारखे शब्द वाटणं हा सवयीचा दोष आहे. मैफल जिथे फुलली तिथे रेंगाळा, बाकी एका वाक्यात उरका. पान लावताना मजकूर शेवटाकडून कापला जातो, म्हणून साथीदारांची नावं शेवटच्या परिच्छेदात ठेवू नका. ती दुसऱ्याच परिच्छेदात आणा. शक्यतो साथीचं वर्णन मुख्य रागाच्या वर्णनातच गुंफा, कारण साथ तिथेच घडलेली असते. संवादिनीनं आलाप संपताना कोणता स्वर धरून ठेवला, तबल्यानं विलंबितात ठेका भरला की मोकळा ठेवला, हे एवढं लिहिलं तरी ‘समर्पक साथ केली’ या झिजलेल्या शब्दांची गरज उरत नाही.

फरक दिसावा म्हणून दोन मसुदे. पहिला: ‘पूरिया रागातील सुरेल आलापीने त्यांनी रसिकांना मंत्रमुग्ध केले.’ यात पूरियाच्या जागी कोणताही राग घाला, वाक्य तसंच राहतं. दुसरा: ‘पूरियाचा विलंबित त्यांनी पहिली दहा मिनिटं मध्य गंधाराच्या वर जाऊच दिला नाही. मंद्र निषादावरून गंधाराकडे येणं दर वेळी नव्या वाटेनं झालं, आणि षड्ज इतका राखून ठेवला होता की तो लागला तेव्हा सभागृहातून आपसूक दाद आली. ताना सुरू झाल्यावर मात्र हा संयम टिकला नाही. मुखडा घाईनं पकडला जाऊ लागला आणि बंदिशीचे शब्द जेमतेम ऐकू आले.’ दुसऱ्यात कौतुकही आहे आणि तक्रारही, आणि दोन्हींचा पत्ता दिलेला आहे. त्या मैफलीला हजर असलेला श्रोता ते पडताळून पाहू शकतो. नसलेल्याला काय घडलं ते कळतं.

‘मंत्रमुग्ध’, ‘स्वर्गीय’, ‘सुरांची बरसात’, ‘रसिकांची मने जिंकली’ हे शब्द मसुद्यातून खोडा आणि प्रत्येकाच्या जागी वहीतली एक नोंद घाला. नोंद सापडली नाही तर ते वाक्यच काढा. पारिभाषिक शब्दही माफक असू द्या. शहर पुरवणीचा वाचक मींड, बढत, बोलतान एवढं चालवून घेतो. आविर्भाव-तिरोभाव (मूळ राग क्षणभर झाकून पुन्हा उघड करणं) लिहिलंत तर अर्ध्या वाक्यात तो काय आहे, हेही सांगा. त्रैमासिकात ही अडचण नाही.

उणीव दाखवताना वय आणि संधी यांचा विचार करा. पहिल्यांदा मंचावर बसलेल्या मुलीच्या गाण्यातली एकच सुधारण्याजोगी बाब सांगा. नामवंत कलाकाराच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. दोष एकदाच, नेमका आणि परिणामासह लिहा. आवाज, वय, आजार, पोशाख, स्वभाव यांवर टीका नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला जे अपवाद आहेत, त्यांत सार्वजनिक सादरीकरणाच्या गुणवत्तेबद्दल सद्भावनेनं दिलेल्या मताचा अपवाद आहे. ‘तानांत स्पष्टता नव्हती’ हे सादरीकरणाबद्दलचं मत. ‘रियाज सोडून दिला आहे’ हा माणसाबद्दलचा आरोप, आणि तो तुम्हाला सिद्धही करता येणार नाही.

नागपूरचं संगीतविश्व लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून काही बाबी आधीच ठरवून टाका. स्वतःचे गुरू, गुरुबंधू-भगिनी, नातेवाईक, तुम्ही ज्या संस्थेत शिकवता तिचे कार्यक्रम, यांची समीक्षा लिहायची नाही. संपादकाला सांगून दुसऱ्याला द्यायची. प्रवेशिका घ्यायला हरकत नाही. शाल, भेटवस्तू, जेवणाचं आमंत्रण नको. आयोजक ‘छापण्याआधी एकदा दाखवा’ म्हणतील. नावं, ताल, बंदिशीची रचना अशी माहिती त्यांच्याकडून तपासून घ्या, मजकूर दाखवू नका. आणि अर्धी मैफल ऐकून पूर्ण मैफलीची समीक्षा कधीच लिहू नका. रात्री उशीर होणार असेल, घर दूर असेल, तर संपादकाला सांगून ‘पहिल्या सत्राची समीक्षा’ असा स्पष्ट उल्लेख करून लिहा.

पाठवण्याचं तंत्र साधं आहे, पण त्यातच नवे लेखक अडकतात. मैफल संपल्यावर घरी आल्या-आल्या वहीवरून दोनशे शब्दांचा कच्चा मसुदा लिहून काढा, सकाळी पक्का करा. दैनिकाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेली तर तिला अर्थ आहे. तीन दिवसांनंतर ती शिळी. वेळेची नेमकी मर्यादा डेस्कलाच विचारा, प्रत्येक ठिकाणी ती वेगळी असते. टंकन युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांत उघडतो, आणि रूपांतर करताना जोडाक्षरं, रफार, अवग्रह बिघडतात. पीडीएफ पाठवू नका, त्यातून मराठी मजकूर उचलला की तो तुटतो. वर्डची फाइल जोडा आणि तोच मजकूर ईमेलमध्येही चिकटवा. विषयाच्या ओळीत ‘समीक्षा’, कलाकाराचं नाव, सभागृह, तारीख आणि शब्दसंख्या. मजकुराच्या वर वेगळ्या चौकटीत कलाकार, साथीदार, आयोजक, स्थळ, दिनांक, सादर झालेले राग आणि ताल क्रमानं. खाली तुमचं नाव जसं छापून यायला हवं तसं, आणि दूरध्वनी. रागांची नावं लेखभर एकाच पद्धतीनं लिहा. एका ठिकाणी बागेश्री आणि दुसरीकडे बागेसरी असं झालं की मुद्रितशोधक दोन्ही बदलून तिसरंच काही करतो.

छायाचित्र देणार असाल तर फ्लॅश न वापरता, आलापीत नव्हे तर द्रुत सुरू झाल्यावर, जागेवरून न उठता काढलेलं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखं पाठवलं तर ते दाबून लहान होतं आणि छापताना फाटतं. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलनं मूळ आकारात पाठवा. छायाचित्राखालच्या ओळीत ‘डावीकडून’ असं लिहून नावं क्रमानं द्या, छायाचित्रकाराचं नाव विसरू नका.

एक समीक्षा एकाच ठिकाणी पाठवा. दैनिकाकडून दोन दिवसांत काही कळलं नाही तर एक स्मरणपत्र, त्यानंतर मजकूर मागे घेत असल्याचं कळवून दुसरीकडे द्या. त्रैमासिकासाठी तोच लेख पुन्हा वापरायचा मोह होईल. त्याऐवजी तीच वही घेऊन एकाच रागावर हजार शब्दांचा वेगळा लेख करा, तो जास्त वाचला जाईल.

मानधन नाही म्हणून अटीच नाहीत असं होत नाही. सुरुवातीलाच एका ईमेलमध्ये चार गोष्टी लिहून घ्या: नाव छापलं जाईल, मत बदलेल अशी काटछाट विचारल्याशिवाय होणार नाही, प्रवेशिका किंवा प्रवासखर्च कोण देणार, आणि हक्क कोणाचे. तुम्ही नोकरीत नसल्यानं लेखाचा कॉपीराइट मुळात तुमचाच असतो. तो द्यायचा तर लेखी आणि स्वाक्षरीनिशीच देता येतो. अशा लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पहिल्या प्रकाशनाची परवानगी द्या, बाकी हक्क राखून ठेवा. दहा-पंधरा वर्षांनी या लेखांचं संकलन करावंसं वाटलं तर अडणार नाही.

आणि छापून आल्यावर स्वतः शब्दन् शब्द वाचा. नाव, राग, ताल यांत चूक दिसली, मग ती तुमची असो की टंकनाची, त्याच दिवशी संपादकाला एका ओळीचा खुलासा पाठवा: काय छापलं, काय हवं होतं. संबंधित कलाकारालाही कळवा. मतावर कोणी नाराज झालं तर वहीतली नोंद सांगा, वाद घालत बसू नका. वह्या तारखेनुसार जपून ठेवा. एखादा कलाकार दोन वर्षांनी पुन्हा नागपुरात तोच राग गाईल, तेव्हा मागच्या वेळेची लय, मुक्काम आणि बढत शेजारी ठेवून लिहिता येईल. तशी समीक्षा नवख्याला जमत नाही आणि नुसत्या स्मरणावरही लिहिता येत नाही.